वर्षाची बेरीज जुळली, महिने जुळले नाहीत : उत्तर सोलापुरातील एका ज्वारीच्या रानाचा कार्बन-हिशेब

उत्तर सोलापूर तालुक्यातील एका शेतकरी गटाला एका खासगी संस्थेने चार पानांचे पत्रक दिले होते. त्यात सभासदांच्या प्रत्येक गट नंबरासमोर एकच आकडा छापलेला होता: त्या रानाने वर्षभरात हवेतून निव्वळ किती कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला, तो एकरी टनांत. हा अंदाज उपग्रहाच्या प्रतिमा आणि हवामानाच्या नोंदी यांवर चालणाऱ्या मॉडेलमधून काढला असल्याचे खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, आणि पुढे कार्बन क्रेडिटचे, म्हणजे हवेतला कार्बन साठवल्याबद्दल मिळणारे, पैसे याच आकड्यावरून ठरणार होते. ज्या आबांच्या रानात आमच्या विभागाचा मापन-मनोरा उभा आहे, ते हे पत्रक घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं यंत्र वर्षभर आमच्याच रानात उभं हाय. तुमचा आकडा आन्‌ ह्यांचा आकडा जुळतोय का, तेवढं सांगा. सह्या त्याच्यावर थांबल्यात."

त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला चार महिने लागले. गटाचे प्रत्यक्ष आकडे मी येथे देत नाही, कारण ते त्यांचे आहेत. जिथे हिशेब समजावण्यासाठी आकडे घेतले आहेत तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

प्रथम मोजायचे काय ते सांगायला हवे. दिवसा पीक प्रकाशसंश्लेषणाने हवेतला कार्बन आत घेते; पीक, मुळे आणि मातीतले सूक्ष्मजीव श्वसनाने तो रात्रंदिवस बाहेर सोडतात. या दोन मोठ्या प्रवाहांची वजाबाकी म्हणजे जमीन आणि हवा यांच्यातील निव्वळ देवाणघेवाण. हजारातून नऊशे वजा केले तर शंभर उरतात. पण त्या हजारात पाच टक्क्यांची चूक झाली तर उरलेल्या शंभरात ती पन्नास टक्क्यांची होते. पत्रकातला आकडा हा अशा वजाबाकीचा आकडा होता, आणि त्याच्यासोबत चुकीची कोणतीही मर्यादा दिलेली नव्हती.

पत्रकामागचे मॉडेल दोन भागांचे होते. पहिल्या भागात प्रकाशसंश्लेषण: पानांनी शोषलेला सूर्यप्रकाश गुणिले त्या प्रकाशाचे वाढीत रूपांतर करण्याची कार्यक्षमता. हा विचार मॉन्टीथ यांनी १९७० च्या दशकात मांडला आणि नासाच्या टेरा उपग्रहावरील मोडिस उपकरणाचे एमओडी-१७ हे उत्पादन, म्हणजे तयार आकड्यांचा संच, त्याच विचारावर उभे आहे. पत्रकाचा प्रकाशसंश्लेषणाचा भाग थेट त्याच उत्पादनातून घेतलेला होता. दुसऱ्या भागात श्वसन, आणि ते केवळ हवेच्या तापमानावरून काढलेले होते. तापमान चढले की श्वसन चढते, एवढेच त्याला ठाऊक होते.

आमच्या बाजूला तीन मीटर उंचीचा मनोरा होता. त्यावर ध्वनिलहरींनी वाऱ्याचे तिन्ही दिशांचे वेग मोजणारा सोनिक ॲनिमोमीटर आणि त्याला लागून अवरक्त किरणांनी कार्बन डायऑक्साइड व बाष्प मोजणारा उघडा विश्लेषक होता. दोन्ही उपकरणे सेकंदाला दहा नोंदी घेतात. वर जाणारा भोवरा आणि खाली येणारा भोवरा यांतल्या कार्बन डायऑक्साइडच्या फरकावरून दर अर्ध्या तासाचा प्रवाह निघतो. या पद्धतीला एडी कोव्हेरियन्स म्हणतात. जगभरच्या मॉडेलांची पारख बहुतांशी अशाच मनोऱ्यांवर होते. मात्र २०२० मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालेल्या फ्लक्सनेट-२०१५ या मनोऱ्यांच्या नोंदींच्या जागतिक संचातील २१२ ठिकाणांत भारतातील एकही ठिकाण नाही. म्हणजे या नोंदींवर गुणांक बसवलेले मॉडेल आपल्या काळ्या रानाविषयी बोलते, तेव्हा ते कधी न पाहिलेल्या जमिनीविषयी बोलत असते. एवढ्यावरून ते चुकीचे ठरत नाही. तपासल्याखेरीज त्यावर पैसे ठरू नयेत, एवढे मात्र नक्की ठरते.

पहिली तुलना आमच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने केली. ती बार्शीकडची, शेतकरी घरातली मुलगी. तिने मनोऱ्याच्या वर्षभराच्या नोंदींची बेरीज केली, पत्रकातला आकडा शेजारी मांडला, आणि दोन्हींतला फरक आमच्या मापनाच्या अनिश्चिततेपेक्षाही कमी निघाला. तिला आनंद झाला आणि मलाही क्षणभर वाटले की आबांना होकार कळवून मोकळे व्हावे. पण ज्या मॉडेलला जमिनीतला ओलावा माहीत नाही, त्याने ओलाव्यावरच जगणाऱ्या रब्बी ज्वारीचा हिशेब इतका अचूक कसा मांडला, याचे कारण आम्हा दोघींनाही सांगता येईना. म्हणून तिला बेरीज मोडून महिन्यांत मांडायला सांगितली.

एकके आणि घड्याळ

महिन्यांत मांडण्यापूर्वी आठ-दहा दिवस किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींत गेले. त्या येथे नोंदवते, कारण अशा तुलनेत निम्म्या चुका इथेच होतात. मनोऱ्याचा प्रवाह मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद या एककात येतो. असा एक मायक्रोमोल चोवीस तास चालला तर चौरस मीटरमागे सुमारे १.०४ ग्रॅम कार्बन होतो. पत्रकात मात्र कार्बन नव्हता, कार्बन डायऑक्साइड होता, आणि तो ४४ भागिले १२ म्हणजे ३.६७ पट जड असतो. चौरस मीटरमागे १०० ग्रॅम कार्बन म्हणजे एकरी सुमारे ४०५ किलो कार्बन आणि तोच एकरी जवळजवळ दीड टन कार्बन डायऑक्साइड. चिन्हाचा घोळ वेगळाच: हवामानशास्त्रातील प्रथेप्रमाणे जमिनीकडे येणारा प्रवाह ऋण मानतात, तर पत्रकात शोषण धन होते.

उपग्रहाच्या उत्पादनात दर नोंद आठ दिवसांची बेरीज असते, रोजचा दर नसतो. आणि वर्षाच्या अखेरची नोंद पाच दिवसांची, लीप वर्षी सहा दिवसांची असते. आमच्या विद्यार्थिनीने डिसेंबरच्या अखेरची नोंद आठने भागली होती, म्हणून ज्वारी ऐन भरात असताना मॉडेल एकाएकी खाली आलेले दिसत होते. त्यानंतर घड्याळ. हवामानाच्या जागतिक नोंदी ग्रिनिचच्या वेळेत असतात, आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे, आणि सोलापूर ७५.९ अंश रेखांशावर असल्यामुळे इथला सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्याही सुमारे २६ मिनिटे मागे चालतो. अर्ध्या तासाच्या नोंदींची तुलना करताना ही २६ मिनिटे विसरली, तर मॉडेल सकाळी लवकर जागे होते असा खोटा दोष त्याच्या माथी बसतो.

एका गोष्टीवर मी तिला मुद्दाम थांबवले. अर्ध्या तासाच्या नोंदींवर तिने सहसंबंध काढला तेव्हा तो फार चांगला आला. पण सूर्य उगवतो आणि मावळतो एवढे ज्याला ठाऊक आहे अशा कोणत्याही मॉडेलचा सहसंबंध चांगलाच येणार. म्हणून आम्ही प्रत्येक महिन्याचा सरासरी दिवस काढला, तो दोन्ही मालिकांतून वजा केला आणि मग उरलेल्या चढउतारांची तुलना केली. नॅश आणि सटक्लिफ यांचा १९७० चा निर्देशांक इथे उपयोगी पडतो: तो शून्य आला तर मॉडेल नुसत्या सरासरीपेक्षा काही जास्त सांगत नाही, ऋण आला तर सरासरीच बरी होती. सरासरी दिवस काढून टाकल्यावर पावसाळ्याच्या महिन्यांत हा निर्देशांक शून्याखाली गेला. पत्रकाविषयीचे माझे मत पहिल्यांदा बदलले ते इथे.

महिन्यांची फोड

सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. पाऊस कमी, त्यातही सर्वांत जास्त सप्टेंबरात. खोल काळ्या जमिनीत त्या पावसाचे पाणी मुरवून ठेवायचे आणि त्याच ओलीवर हिवाळ्यात ज्वारी काढायची, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात ते त्यामुळेच. या पद्धतीत जमीन हिरवी असते तेव्हा पाऊस नसतो आणि पाऊस असतो तेव्हा जमीन बहुधा उघडी असते. हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण बाहेरच्या शेतांवर घडवलेल्या मॉडेलला ते कुणी सांगितलेले नसते.

जून ते सप्टेंबर या काळात मॉडेल आबांच्या रानात बऱ्यापैकी प्रकाशसंश्लेषण दाखवत होते. मनोरा मात्र उलट सांगत होता: रान कार्बन सोडत होते. आम्ही आबांना विचारले की खरिपात तुम्ही काय पेरता. ते विद्यार्थिनीला म्हणाले, "खरिपात हे रान मोकळंच असतंय की, ताई. तण उगवलं की कुळवाची पाळी घालायची. तीन पाळ्या तरी होत्यात. मग उत्तरा-हस्तात पेरणी." मग मॉडेलला हिरवे काय दिसले? उत्तर रानाच्या बांधापलीकडे होते. उपग्रहाचा पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला एक चौकोन, कागदावर ५०० मीटरचा म्हणतात, प्रत्यक्षात तो सुमारे ४६३ मीटर बाजूचा, म्हणजे साधारण साडेएकवीस हेक्टर किंवा ५३ एकर असतो. मनोरा तीन मीटर उंच असल्यामुळे त्याला वाऱ्याच्या दिशेकडचा काहीशे मीटरचा पट्टाच दिसतो. त्या ५३ एकरांत आबांचे मोकळे रान होते, पलीकडे विहिरीवरचा ऊस होता, तूर होती, ओढ्याच्या कडेच्या बाभळी होत्या. पिक्सेलने या सर्वांची सरासरी घेतली आणि पत्रकाने ती सरासरी एका गट नंबराच्या नावावर टाकली. मॉडेलने इथे खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. त्याने ५३ एकरांचे सांगितले आणि पत्रकाने ते चार एकरांचे म्हणून वाचले.

ऑक्टोबर ते जानेवारी या काळात चूक उलट दिशेने गेली. मॉडेलचे शोषण मनोऱ्यापेक्षा स्पष्टपणे कमी होते. याचे एक मोठे कारण मॉडेलच्या गुणांकांच्या तक्त्यात सापडते: त्यात 'पीकजमीन' हा एकच वर्ग आहे, आणि त्याची कमाल कार्यक्षमता एक मेगाज्यूल प्रकाशाला सुमारे १.०४ ग्रॅम कार्बन एवढी धरलेली आहे. ज्वारी ही मका आणि उसाप्रमाणे सी-४ प्रकारची वनस्पती आहे. तिच्या पानात कार्बन डायऑक्साइड आधी एकवटला जातो, त्यामुळे भरपूर उन्हात ती हरभऱ्यासारख्या सी-३ पिकापेक्षा प्रकाशाचा अधिक चांगला उपयोग करते. एकाच वर्गात ज्वारी आणि हरभरा बसवला की ज्वारीचे शोषण कमी लागणार, हे ओघानेच आले. मात्र हुरड्याच्या दिवसांनंतर, जमिनीला भेगा पडू लागल्यावर, मनोऱ्याचा प्रवाह झपाट्याने उतरला, आणि तिथे मॉडेल तेवढे उतरले नाही. हवेच्या कोरडेपणावरून ते पिकाचा ताण ओळखते. जानेवारीच्या थंड सकाळी हवा फारशी कोरडी नसते, कोरडी पडलेली असते ती जमीन, दोन फूट खाली. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो आणि बोटांना ओलसर काही लागत नाही. उपग्रहाला मात्र तेव्हाही पाने बरीचशी हिरवीच दिसतात.

उन्हाळ्यात तिसरी चूक. एप्रिल-मे महिन्यांत रान रिकामे असते. तापमान चाळिशीपार गेल्यावर तापमानाला बांधलेले श्वसन मॉडेलमध्ये वर्षातल्या सर्वोच्च पातळीला पोचले. प्रत्यक्षात भाजून निघालेल्या कोरड्या मातीत सूक्ष्मजीव जवळजवळ झोपलेले असतात आणि प्रवाह शून्याच्या आसपास रेंगाळतो. त्याच पिक्सेलातल्या विहिरीवरच्या उसाच्या बाबतीत दुसरा अन्याय होत होता: एमओडी-१७ मध्ये पीकजमिनीसाठी हवेतील बाष्पाची तूट (हवेच्या कोरडेपणाचे माप) ४.३ किलोपास्कलला पोचली की प्रकाशसंश्लेषण शून्य धरले जाते. मे महिन्यात दुपारी ४१ अंश तापमान आणि २० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर ही तूट सुमारे ६.२ किलोपास्कल भरते. दिवसाची सरासरी त्याहून कमी असली, तरी मॉडेलमधल्या उसाला उपास घडवायला ती पुरेशी असते. बांधापलीकडचा ऊस मात्र ठिबकवर उभा राहून वाढत असतो.

चौथी चूक मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती वर्षातल्या अगदी थोड्या दिवसांची आहे. महिनोन्‌महिने कोरडी राहिलेली माती पहिल्या पावसाने भिजली की सूक्ष्मजीव एकदम जागे होतात, मृत जीवांतला आणि कणांत अडकलेला कार्बन त्यांना खुला होतो, आणि काही तासांत कार्बन डायऑक्साइडचा मोठा लोंढा बाहेर पडतो. पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ मध्ये याचे तपशीलवार वर्णन केले, म्हणून याला बर्च परिणाम म्हणतात. तापमानावरच चालणाऱ्या श्वसनाला हा लोंढा दिसूच शकत नाही. उलट पावसाने हवा गार होते, म्हणून मॉडेलचे श्वसन नेमके त्याच दिवशी खाली येते.

आता या चार चुकांची बेरीज करून पाहावी. उन्हाळ्यात मॉडेलने नसलेला तोटा दाखवला, पावसाळ्यात नसलेली कमाई दाखवली, रब्बीत खरी कमाई कमी दाखवली, पहिल्या पावसाचा खरा तोटा गाळला. दोन चुका एका दिशेच्या, दोन दुसऱ्या दिशेच्या, आणि त्या वर्षी त्या एकमेकींत जिरल्या. वार्षिक आकडा जुळण्यामागे एवढेच होते. पुढच्या वर्षी सप्टेंबरचा पाऊस चुकला किंवा शेजाऱ्याने ऊस मोडला, तर चुका त्याच राहतील आणि जुळणी राहणार नाही. जे पत्रक एकच आकडा देते, त्याची पारखही त्या एका आकड्यावर करणे म्हणजे तपासणी टाळणेच होय, असे माझे ठाम मत या प्रकरणानंतर झाले आहे. नान्नजच्या माळरानावर गवत पावसाबरोबरच हिरवे होते आणि पावसाबरोबरच वाळते. तिथे हेच मॉडेल पुष्कळ कमी चुकेल अशी माझी अपेक्षा आहे, म्हणून मॉडेल सरसकट वाईट म्हणण्यातही अर्थ नाही.

आमच्या मापनाची झडती

एवढे लिहून थांबले असते तर तो अन्याय झाला असता, कारण मनोऱ्याचा आकडा म्हणजे सत्य, असे आम्ही गृहीत धरले होते. विद्यार्थिनीच्या लक्षात आलेली पहिली विचित्र गोष्ट अशी: एप्रिलमध्ये रानात हिरवे पान नसताना कच्च्या नोंदींत भर दुपारी मोठे शोषण दिसत होते. तिला क्षणभर वाटले की चुनखडीची काळी माती स्वतःच कार्बन ओढते आहे. कारण साधे होते. तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी हवा विरळ असते. तिच्या प्रत्येक घनमीटरात सगळेच वायू कमी, म्हणून कार्बन डायऑक्साइडही कमी, आणि उघड्या विश्लेषकाला ती उणीव शोषणासारखी दिसते. वेब, पिअरमन आणि ल्यूनिंग यांनी १९८० मध्ये दिलेली दुरुस्ती यासाठीच आहे. जमिनीवरून चौरस मीटरमागे ३०० वॅट उष्णता हवेत जात असेल, तर सोलापूरच्या उंचीवर आणि तापमानात ही दुरुस्ती एकटीच सुमारे १३ मायक्रोमोल भरते. खरा प्रवाह शून्याजवळ असताना एवढी मोठी दुरुस्ती करायची, म्हणजे उष्णतेच्या मापनातली दहा टक्के चूकसुद्धा कार्बनच्या हिशेबात एक मायक्रोमोलहून जास्त होऊन उतरते. त्यामुळे उन्हाळ्यातील 'शून्याच्या आसपास' या आमच्या शब्दांना किती वजन द्यायचे, हे आम्हालाही जपूनच ठरवावे लागले.

रात्रीचा प्रश्न निराळा होता. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरला रात्री वारा पडतो, भोवरे थांबतात, आणि मातीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड पिकातच साचून राहतो किंवा उताराने ओढ्याकडे सरकतो. वरच्या उपकरणाला तो दिसत नाही. अशा रात्री घर्षणवेगाची (हवेच्या खळबळीच्या मापाची) मर्यादा लावून वगळाव्या लागतात, आणि मर्यादा थोडी वरखाली केली की वर्षाची बेरीज हलते. शिवाय पहाटेचे दव विश्लेषकाच्या काचेवर बसते, सोनिकच्या भुजांमध्ये कोळी जाळे विणतो, कुळवाची धूळ काचेवर चढते. दर आठवड्याला कोणीतरी मऊ कापड आणि शुद्ध पाणी घेऊन त्या मनोऱ्यावर चढत होते म्हणून आमच्या नोंदींना काही अर्थ होता.

सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते मात्र पहिल्या पावसाने. पाऊस पडत असताना उघडा विश्लेषक काम करत नाही. काचेवर थेंब असेपर्यंतच्या नोंदी टाकून द्याव्या लागतात. पडलेली पोकळी भरण्याची रूढ रीत अशी की तेवढाच सूर्यप्रकाश, तेवढेच तापमान आणि तेवढाच हवेचा कोरडेपणा असलेले आसपासचे क्षण शोधायचे आणि त्यांची सरासरी तिथे बसवायची. पहिल्या पावसाच्या आसपासचे तसे क्षण कोणते? मागच्या आठवड्यातले, कोरड्या मातीचे. म्हणजे ज्या लोंढ्यासाठी आम्ही मॉडेलला दोष देत होतो, तो आमच्या वर्षाच्या बेरजेतही अर्धामुर्धाच होता. पोकळी भरलेली नोंद ही स्वतःच एक छोटे मॉडेल असते, आणि तिचा नियम दुसऱ्या मॉडेलच्या नियमासारखाच असेल तर दोघे एकच चूक करून एकमेकांना साक्ष देतात. म्हणून पोकळी भरलेल्या नोंदी बाजूला ठेवून, फक्त प्रत्यक्ष मोजलेल्या अर्ध्या तासांवर आम्ही सगळी तुलना पुन्हा केली. विचलन मोजतानाही वर्गाऐवजी निरपेक्ष फरक घेतला, कारण या पद्धतीतली यादृच्छिक चूक प्रवाहाबरोबर वाढते आणि तिचे टोकाचे अपवाद नेहमीच्या घंटाकार वक्रापेक्षा जास्त असतात. चार वेड्यावाकड्या नोंदींनी महिन्याचा निकाल ठरवू नये, हा हेतू. महिन्यांच्या चुकांच्या दिशा या फेरतुलनेत बदलल्या नाहीत. आकार मात्र बदलले.

कडब्याच्या पेंड्या

आबांच्या प्रश्नाचे खरे उत्तर मॉडेल आणि मनोरा या दोघांच्याही बाहेर होते. पत्रकाने निव्वळ देवाणघेवाणीला सरळ 'साठा' म्हटले होते. रानाने हवेतून घेतलेला कार्बन रानातच राहिला असता तर ते बरोबर होते. पण फेब्रुवारीत ज्वारी काढली, कणसे खुडली, कडब्याच्या पेंड्या बांधल्या आणि त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून गेल्या. उदाहरणादाखल समजा, एकरी पाच क्विंटल ज्वारी आणि पंधरा क्विंटल कडबा निघाला. कोरड्या पदार्थात साधारण ४५ टक्के कार्बन धरला तर वीस क्विंटलमध्ये नऊ क्विंटल कार्बन होतो. चौरस मीटरमागे सुमारे २२२ ग्रॅम, आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये एकरी ३.३ टन. ज्वारीची भाकरी कोणीतरी खाल्ली, कडबा कोणाच्या तरी गोठ्यात जनावरांनी खाल्ला, आणि तो कार्बन त्याच वर्षात बहुतांशी परत हवेत गेला. मनोऱ्याला हे दिसत नाही, कारण ते मनोऱ्यापासून दूर घडते. वर्षाच्या निव्वळ शोषणातून हे वजा केल्यावर मातीच्या वाट्याला जे उरते, तोच कार्बन साठ्याचा हिशेब. आणि तो उरेलच असे नाही, तो ऋणही निघू शकतो.

आबांना हे समजावताना मला कोणतीही आकृती काढावी लागली नाही. "म्हंजी पीक आलं म्हणून घरात धान्य साठलं असं नाही," एवढेच ते म्हणाले, आणि गटाच्या बैठकीत त्यांनी माझ्यापेक्षा कमी शब्दांत ते सर्वांना सांगितले. उसाच्या बाबतीत तर हे आणखी ठळक आहे: शेतावरचा मनोरा उसाला प्रचंड शोषणाचे श्रेय देईल, आणि तोच कार्बन कारखान्याच्या बॉयलरमध्ये चिपाड होऊन जळेल, किंवा रानातच पाचट पेटवले तर एका संध्याकाळी निघून जाईल.

गटाला आम्ही दोन पानांचे टिपण दिले. पत्रकातला वार्षिक आकडा आमच्या मापनाशी जुळतो, हे त्यात पहिल्याच ओळीत लिहिले, कारण ते खरे होते. तो कोणकोणत्या चुका एकमेकींत जिरून जुळला हे महिन्यांच्या तक्त्यासह लिहिले, आमच्या मापनाची अनिश्चितता लिहिली, आणि हा आकडा साठा म्हणून वापरता येणार नाही हे कडब्याच्या हिशेबासह लिहिले. सह्या कराव्यात की नाही, हा निर्णय गटाचा होता. गटाने संस्थेकडे तीन गोष्टी मागितल्या: गट नंबरागणिक नव्हे तर पिक्सेलागणिक आकडे, खरीप आणि रब्बी वेगवेगळे, आणि मातीतील सेंद्रिय कार्बनची प्रत्यक्ष तपासणी, सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनी पुन्हा त्याच जागी त्याच खोलीवर. हा लेख लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही, आणि सह्याही झालेल्या नाहीत.

आमचे स्वतःचे काम पहिल्या पावसावर अडले होते. पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही रानात पीव्हीसी पाइपच्या आठ कड्या जमिनीत बसवल्या. कडीवर झाकण ठेवून आतल्या कार्बन डायऑक्साइडच्या वाढीवरून मातीचे श्वसन काढता येते, आणि पाऊस थांबल्यावर दहा मिनिटांत मोजणी सुरू होऊ शकते. पहिल्या वेळी कड्या भेगांवर बसल्या आणि झाकणाखालची हवा भेगेतून निसटू लागली. त्या उपटून, भेगांच्या मधल्या घट्ट ढेकळांत पुन्हा ठोकाव्या लागल्या, आणि भेगांतून निघणारा वायू त्यामुळे सुटतो हे नोंदवहीत लिहून ठेवावे लागले. कुळवाच्या पाळीत कड्या उखडू नयेत म्हणून आबांनी त्या तुकड्याच्या चारी कोपऱ्यांना दगड रोवून दिले. मृगाचा पहिला पाऊस रात्री नऊच्या सुमारास आला आणि पाऊण तासात थांबला. विद्यार्थिनी त्या रात्री आबांच्या वस्तीवरच मुक्कामाला होती. चिखलाने जड झालेल्या चपला बांधावर सोडून ती बॅटरीच्या उजेडात कडीकडून कडीकडे जात राहिली. पहाटेपर्यंत तिने प्रत्येक कडीवर सहा वेळा झाकण ठेवले. मनोऱ्याच्या नोंदीत त्या सगळ्या तासांसमोर रिकामी जागा आहे, आणि आता तिच्या शेजारी आमच्याकडे अठ्ठेचाळीस मोजण्या आहेत.